प्रवाहाचे प्रवर्धन आणि संकेताची शुद्धता

आकाशवाणी नागपूर मध्यम लहरींवर ५८५ किलोहर्ट्झला ऐकू येते आणि ९ किलोहर्ट्झ अंतरावरची शेजारची वाहिनी रोखून तेवढाच संकेत पुढे सोडण्याचे काम रेडिओतील फिल्टर करतो. मात्र ट्रान्झिस्टरचा प्रतिसाद सरळ रेषेत नसल्याने दोन प्रबळ संकेत प्रवर्धकात, म्हणजे अ‍ॅम्प्लिफायरमध्ये, मिसळून मुळात नसलेल्या वारंवारता निर्माण करतात. हे विरूपण हव्या त्या पट्ट्यातच पडले, तर पुढचा कोणताही फिल्टर ते काढू शकत नाही; म्हणून ते मुळातच कमी ठेवावे लागते. अभियंते केनेथ स्मिथ आणि आदेल सेड्रा यांनी १९६८ मध्ये मांडलेल्या ‘करंट कन्व्हेयर’ मंडलात एका अग्रात शिरलेला प्रवाह दुसऱ्या अग्रावर तेवढाच उमटतो आणि आतील विद्युतदाबाचे चढउतार लहान ठेवता आल्याने विरूपणही कमी करता येते; अर्थात त्यासाठी प्रवाहाची नक्कल करणाऱ्या जोडीतील ट्रान्झिस्टर हुबेहूब सारखे हवेत आणि खरे कौशल्य तिथेच पणाला लागते.