आधी कोणाला?

११ जुलै २००६ च्या संध्याकाळी मुंबईत पश्चिम रेल्वेच्या लोकलगाड्यांमध्ये साधारण अकरा मिनिटांत सात स्फोट झाले. शेकडो जखमी एकाच वेळी रुग्णालयांत पोहोचले. अशा वेळी जो जास्त ओरडतो, त्याच्याकडे आपण आधी धावतो. पण ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो, खरी काळजी गप्प पडलेल्याची!

१९८३ मध्ये कॅलिफोर्नियात तयार झालेली ‘स्टार्ट’ ही जखमींना रंगाची चिठ्ठी देऊन उपचारांचा क्रम ठरवण्याची पद्धत अशा वेळी कामी येते. आधी हाक द्यायची, ‘चालता येईल त्यांनी त्या बाजूला या.’ ते झाले हिरवे. उरलेल्यांना प्रत्येकी मिनिटभरसुद्धा द्यायचं नाही. श्वास मिनिटाला तीसपेक्षा जास्त, मनगटाची नाडी लागत नाही किंवा साधी सूचनाही कळत नाही, यातलं एक जरी असलं तरी लाल, म्हणजे उपचार सगळ्यात आधी. तिन्ही ठीक, पण चालता येत नाही, तो पिवळा. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास येत नसेल, तर काळा. एरवी अशा माणसासाठी डॉक्टर जिवाचं रान करतात. इथे मात्र पुढे जावं लागतं. हे कठोर आहे, पण त्या वेळात लाल चिठ्ठीवाला वाचू शकतो.

रंगाच्या चिठ्ठीवर क्रमांक, वेळ आणि दिलेले उपचार लिहितात. ती कपड्यांना नव्हे, हातापायाला बांधतात, कारण कपडे कापावे लागतात. नाव नंतर कळलं तरी चालतं. आणि तपासणी पुन्हा पुन्हा करायची. पिवळ्याचा लाल व्हायला वेळ लागत नाही.