कॅरीबॅगचं तेल होतं, पण चुलीवर नाही

आम्ही जिंतूरच्या बचत गटातल्या बाया. सध्या बैठकीत एकच विषय निघतो : प्लास्टिकपासून तेल निघतं म्हणतात, मग आपणही का काढू नये?

तेल निघतं, हे खरं आहे. प्लास्टिक मुळात खनिज तेल आणि गॅसपासूनच बनतं. नागपूरच्या प्राध्यापिका अलका झाडगावकर यांनी वीसेक वर्षांपूर्वी प्लास्टिकचं इंधन करून दाखवलं. पुण्याच्या मेधा ताडपत्रीकर यांच्या संस्थेनं जेजुरीला प्रकल्प उभा केला. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत २०१९ साली असा प्रकल्प सुरू झाला. तिथं एक टन प्लास्टिकपासून सुमारे ८०० लिटर डिझेल मिळतं.

हे होतं कसं? बंद भट्टीत, हवा न लागू देता, प्लास्टिक चारशे अंशांच्या आसपास तापवतात. हवा नसल्यानं ते जळत नाही. वितळून त्याची वाफ होते. ती थंड केली की तेल. यात उत्प्रेरक घालतात. तो लग्न जुळवणाऱ्या मध्यस्थासारखा : काम लवकर उरकतो, स्वतः संसारात पडत नाही.

पण ही वाफ झटकन पेट घेते. जोड जरा गळला तरी भडका उडतो. म्हणून मोबाईलवर बघून पत्र्याच्या डब्यात हा प्रयोग कुणीच करू नका. पीव्हीसी पाइप तर तापला की आम्लाची वाफ सोडतो. आणि चूल पेटवायला कॅरीबॅग लावली तर तेल नाही, विषारी धूरच मिळतो. तो आपल्या आणि लेकरांच्या छातीत जातो.

यंत्र घ्यायचं का? हिशेब करा. दुधाची रिकामी पिशवी चार ग्रॅमची धरली, तर एका टनाला अडीच लाख पिशव्या लागतात. एका गावात एवढा माल कुठून येणार? शिवाय प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगी लागते. गटाची बचत त्यात अडकवू नका.

आपलं काम दुसरं आहे. दुधाच्या पिशव्या, कॅरीबॅगा धुऊन, वाळवून वेगळ्या गोणीत भरा. पाण्याच्या बाटल्या भंगारात विका. फवारणीच्या औषधाचे डबे यात मुळीच मिसळू नका.

स्वच्छ भारत मिशन ग्रामीणच्या दुसऱ्या टप्प्यात तालुक्याला एक प्लास्टिक व्यवस्थापन केंद्र उभारायला १६ लाख रुपयांपर्यंत तरतूद आहे. आपल्या तालुक्याचं केंद्र कुठं आहे, हे ग्रामसभेत विचारा. गोळा करण्याचं आणि निवडण्याचं काम गटाला द्या, मजुरी ठरवून द्या, असा ठराव मांडा. कचरा आपण उचलायचा आणि पैसा दुसऱ्यानं न्यायचा, असं होऊ देऊ नका.