विकत घेणाऱ्याची झडती



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी हमाल-मापाड्यांच्या मजुरीवर बोलेन अशी त्यांची कल्पना असावी. मी सातवीपर्यंत शिकलेला माणूस. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयाच्या बाकावर आणि मोंढ्यातल्या पोत्यांवर बसून. अशा माणसाने संगणकावरच्या व्हिडिओ गेमवर बोलावे याचे काहींना हसू येईल. पण विषय खेळाचा असला तरी प्रश्न खेळाचा नाही. पदरचे दाम मोजून जो वस्तू घेतो, त्यालाच चोर समजावे काय, असा तो प्रश्न आहे. आणि त्याच्याशी माझी तीस वर्षांची ओळख आहे.

प्रथम आपल्याच जिल्ह्यातली गोष्ट सांगतो. तरुणपणी मी एका जिनिंग कारखान्यात कामाला होतो. पाळी सुटली की फाटकावर प्रत्येकाची झडती होई. बायांचे भाकरीचे डबेसुद्धा उघडून पाहत. त्यात अर्धा तास जाई आणि त्याची मजुरी मिळत नसे. कारण काय, तर सरकी चोरीस जाते. चोरी होत होती हे खरे. पण ती डब्यातून होत नव्हती, वजनकाट्यावर पोत्यापोत्यांनी होत होती. झडती दिली ती न चोरणाऱ्यांनी. चोरणारा त्या फाटकाकडे फिरकलाही नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ती हीच.

आता दुसरी गोष्ट. २०१० च्या सुमारास आमच्या मोंढ्यातल्या एका हमालाच्या मुलाने सुट्टीत दुकानात काम करून पैसे साठवले आणि त्या वेळच्या औरंगाबादेहून एका खेळाची अस्सल तबकडी आणविली. किंमत नऊशे नव्व्याण्णव रुपये. घरी आणली तर खेळ म्हणे, आधी इंटरनेटवरून कंपनीची परवानगी घ्या. ती मिळाली. मग वीज गेली, संगणक बिघडला, सगळे पुन्हा भरावे लागले, पुन्हा परवानगी. असे तीनदा झाले. चौथ्या वेळी उत्तर आले की तुमच्या परवानग्या संपल्या. मुलाने कंपनीला लिहिले; छापील उत्तराखेरीज काही आले नाही. शेजारचा मुलगा मात्र तोच खेळ तीस रुपयांच्या चोरट्या तबकडीवर रात्रंदिवस खेळत होता. त्याला कोणाची परवानगी लागत नव्हती. मुलगा मला म्हणाला, "काका, मी पैसे दिले हे चुकलं का?" मी आयुष्यभर सभांतून उत्तरे दिली आहेत. त्या दिवशी मला उत्तर सुचले नाही.

म्हणून मी हा विषय वाचू लागलो. तेव्हा कळले की हे आपल्याच मागास भागाचे दुखणे नाही. २००८ साली इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीने 'स्पोर' हा खेळ काढला. तो तीनच संगणकांवर भरता येईल असे कुलूप त्याला घातले. गिऱ्हाइकांनी एवढा ओरडा केला की मर्यादा पाचवर न्यावी लागली. आणि कुलूप असूनही त्या वर्षी सर्वांत जास्त चोरल्या गेलेल्या खेळांत त्याचे नाव आले. मार्च २०१० मध्ये युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने 'असॅसिन्स क्रीड २' ला अशी अट घातली की खेळताना इंटरनेट सतत चालू हवे. तार तुटली की खेळ थांबला. थोड्याच दिवसांत कंपनीच्या यंत्रांवर कोणी हल्ला केला, आणि पैसे भरलेले लोक तासन् तास ताटकळत बसले. मार्च २०१३ मध्ये 'सिमसिटी' निघाला, तेव्हा पहिल्याच दिवसापासून कंपनीची यंत्रे गर्दीखाली बसली. इंटरनेटशिवाय खेळण्याची सोय वर्षभराने दिली. म्हणजे ती आधीही देता आली असती!

याच्याही पुढची पायरी म्हणजे खेळच काढून घेणे. 'द क्रू' हा २०१४ चा खेळ. ३१ मार्च २०२४ रोजी कंपनीने आपली यंत्रे बंद केली आणि विकत घेतलेला खेळ निरुपयोगी झाला. शेतकऱ्याला बैल विकावा आणि दहा वर्षांनी दावणीवरून सोडून न्यावा, तसाच हा प्रकार!

माझ्या बोलण्याचा कोणी विपर्यास करू नये. मी चोरीचा कैवार घेत नाही. खेळ तयार करणारे चित्रकार, गणिती, वादक हेही कामगारच आहेत. त्यांच्या घामाचा दाम बुडविणे हे पापच आहे. कायदाही त्यासाठी कडक आहे. झोपडपट्टीगुंड व हातभट्टीवाले यांच्यासाठी १९८१ साली केलेल्या महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ साली व्हिडिओ चाच्यांचा समावेश झाला. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ आले. हक्कभंगाच्या हेतूने असे तांत्रिक कुलूप तोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्याच कायद्याचे कलम ५२ रीतसर घेणाऱ्याला संगणकाच्या आज्ञावलीची राखीव प्रत काढण्याची मुभा देते. कायद्याने दिलेली मुभा कंपनीचे कुलूप अडवते, हा कुठला न्याय?

आणि कुलुपाने चोर अडतो काय? निष्णात चोर कुलूप एकदाच तोडतो. मग त्याच्या प्रती घेणाऱ्या हजारोंना ते दिसतही नाही. ते रोज वागवतो तो अस्सल गिऱ्हाईक. पोलंडमधील सीडी प्रोजेक्ट या कंपनीने हे ओळखले. ती १९९४ साली निघाली, तेव्हा तिथला बाजार चोरट्या तबकड्यांनी भरलेला होता. १९९९ साली तिने 'बाल्डर्स गेट' हा परदेशी खेळ पोलिश भाषेत उतरविला, पेटीत नकाशा वगैरे वस्तू घातल्या, आणि चोराला देता येणार नाही असा माल विकला. पुढे २००८ साली तिने खेळ कुलुपाशिवाय विकायला सुरुवात केली. ती बुडाली नाही. गिऱ्हाइकावर विश्वास ठेवूनही धंदा चालतो याचा हा दाखला आहे.

मग मागणी काय करावी? अटी पेटीवर ठळक, आपल्या भाषेत छापा. यंत्रे बंद करायची असतील, तर खेळ घरच्या घरी चालेल अशी सोय करून मगच करा. आणि भाड्याने देत असाल तर 'विक्री' म्हणू नका. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून तसा कायदा आहे: मिळतो तो केवळ परवाना असेल, तर ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगावे लागते. युरोपात अशाच मागणीवर २०२५ साली दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. आपल्याकडे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ग्राहक आयोग आहे. तिथे जायला लाजू नका. अर्ज एकट्याने लिहू नका. दहा जण मिळून लिहा.

जिनिंगच्या फाटकावरची झडती आम्ही बंद पाडली, ती दगड मारून नव्हे. आम्ही लेखी मागणी केली की आधी वजनकाटा तपासा. तो तपासला आणि फाटक मोकळे झाले. त्या मुलाला द्यायचे राहिलेले उत्तर मी आज देतो: बाळा, तू पैसे दिलेस हे चुकले नाही. तुझी झडती घेतली हे चुकले, आणि ते आपण सर्वांनी मिळून सांगायचे आहे.