किल्ली एकाची, दार सर्वांचे

(मंडळाच्या वर्धापनदिन समारंभात केलेले भाषण)



पाककला, आरोग्य, संतवाङ्मय अशा विषयांवर या व्यासपीठावरून आपण उत्तमोत्तम व्याख्याने ऐकली आहेत. त्या मानाने माझा विषय रुक्ष वाटेल. आमच्या घरच्या जुन्या व्हॅनच्या दाराला मी आणि माझ्या थोरल्या मुलीने आकडे दाबून उघडणारे कुलूप बसवले, त्याची ही हकीकत आहे. विषय तारांचा असला तरी प्रश्न मात्र आपल्या घरातला आहे. किल्ली कोणाच्या हाती असावी, हा तो प्रश्न.

आपल्या आज्या-पणज्यांच्या काळी कोठीच्या खोलीची किल्ली घरातल्या वडील बाईच्या कमरेला असे. सुनेला वाटीभर डाळ हवी असली तरी सासूबाईंची पूजा आटोपेपर्यंत थांबावे लागे. ते दिवस गेले, असे आपण म्हणतो. पण येथे न्यू जर्सीत आपल्या घरांकडे पाहा. व्हॅन म्हणजे आपली कोठीच आहे. मुलांची दप्तरे, वाणसामान, औषधे, पावसाळी कोट, सारे तिच्या पोटात असते. १९८३ च्या अखेरीस क्रायस्लर कंपनीने डॉज कॅराव्हॅन आणि प्लिमथ व्हॉयेजर या गाड्या बाजारात आणल्या, तेव्हापासून या देशातल्या कुटुंबांचा अर्धा संसार चाकांवर आला म्हणाना! आणि त्या संसाराची किल्ली असते एकाच्याच खिशात.

माझ्या सासूबाईंचे वय शहात्तर. ज्येष्ठांच्या केंद्रात त्या आठवड्यातून दोनदा भजनाला जात. गेल्या वर्षी जानेवारीत एकदा भजन लवकर आटोपले. गाडी समोरच उभी होती, पण किल्ली यजमानांजवळ, आणि ते औषधांच्या दुकानात रांगेत. बर्फाळ वाऱ्यात सासूबाई वीस मिनिटे गाडीला टेकून उभ्या राहिल्या. घरी आल्यावर त्यांनी कोणाला बोल लावला नाही. पुढच्या आठवड्यात मात्र, "मला नाही जायचे, उगीच तुमची धावपळ," असे म्हणाल्या. त्यानंतरच्या आठवड्यातही तेच. भगिनींनो, एखादे माणूस घरात बसू लागते ते असे, अगदी लहानशा कारणावरून.

दुसरी किल्ली करून द्यावी म्हटले तर आमच्या गाडीच्या किल्लीच्या डोक्यात चिप आहे. ती पाहिल्याशिवाय इंजिन सुरू होत नाही, आणि तशी किल्ली करणे खर्चाचे काम. शिवाय सासूबाईच म्हणाल्या, "माझ्याकडून हरवली तर?" तेव्हा लक्षात आले, की त्यांना गाडी चालवायची नाही, फक्त आत बसायचे आहे. दार उघडण्याचा अधिकार आणि गाडी चालवण्याचा अधिकार हे दोन निराळे आहेत. किल्ली ते दोन्ही एकत्र बांधून ठेवते, आणि आकडा ते वेगळे करतो. माझ्या भाषणाचे सार एवढेच आहे.

ही युक्ती नवी नव्हे. फोर्ड कंपनीने १९८० सालीच आपल्या थंडरबर्ड आणि लिंकन गाड्यांच्या दारावर अशी बटणे बसवली होती. ज्या गाडीला ती मुळात नाहीत, तिला बाजारातून कीपॅड आणून जोडता येतो. त्यासाठी इंजिनिअर असावे लागते असे नाही. शिवणयंत्राचा दोरा नीट ओवणाऱ्या बाईला एवढा धीर पुरेसा आहे. मात्र घाई चालत नाही.

आधी गाडी समजून घ्यावी लागते. चालकाच्या दारावरचे कुलपाचे बटण दाबले की सर्व दारे उघडतात, ते कसे? यात मुख्य प्रकार तीन. पहिल्यात बटण दाबले की तारेवर बॅटरीचे धन टोक येते. दुसऱ्यात ती तार ऋण टोकाला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला टेकते. मेकॅनिक त्याला अर्थ म्हणतात. तिसऱ्यात दाराच्या मोटरला जाणाऱ्या दोन्ही तारा मुळात अर्थला असतात, आणि उघडताना एकीला, लावताना दुसरीला बारा व्होल्ट मिळतात. यांशिवाय नव्या गाड्यांत सारे निरोप संगणकामार्फत जातात. तेथे साध्या जोडणीचा उपयोग नाही, त्या गाडीसाठी केलेले खास यंत्रच घ्यावे लागते.

आपली गाडी कोणत्या प्रकारची, हे तारेच्या रंगावरून ठरवू नये. दुरुस्तीच्या पुस्तकातला तारांचा नकाशा पाहावा आणि आकडे दाखवणाऱ्या मीटरने मोजावे. बल्बचा जुना टेस्टर वापरू नये. तो जास्त वीज ओढतो आणि संगणकाला इजा करू शकतो. आमच्या गाडीत एरवी तारेवर बारा व्होल्ट दिसत आणि बटण दाबताच शून्य होत. म्हणजे ती दुसऱ्या प्रकारची. हे समजले तेव्हा मुलीने टाळ्याच वाजवल्या!

यापुढचे काम सोपे होते. कीपॅडच्या आत रिले असतो. बरोबर आकडा दाबला की तो एक सेकंदभर दोन तारा जोडतो आणि सोडतो. त्यांतली एक आम्ही गाडीच्या सांगाड्याला घट्ट बसवली आणि दुसरी कुलूप उघडण्याच्या तारेला जोडली. जे काम आतल्या बटणावर बोट करते, तेच आता बाहेरून आकडा करतो. गाडीच्या संगणकाला त्यात काही वेगळे वाटत नाही. आपल्या गाडीला मूळची चोरघंटा असेल तर मात्र सावध राहा. या रीतीने दार उघडले तरी घंटा बंद होत नाही, आणि सासूबाई आत बसताच ती सारा मोहल्ला जागा करील. तिच्यासाठी वेगळी तार जोडावी लागते. आमच्या गाडीला ती नव्हती.

आता काळजीच्या गोष्टी सांगते, कारण यश यांतच आहे. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे आणि पुस्तकात सांगितला आहे तितका वेळ थांबावे. पिवळ्या वेष्टनातल्या तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना मीटरसुद्धा लावू नये. कीपॅडला वीज देणाऱ्या धन तारेवर, ती जेथून घेतली तेथेच जवळ, फ्यूज हवा. पुढे कोठे तार कातरली गेली तर फ्यूज जाईल, गाडी पेटणार नाही. इंजिन चालू असता गाडीत बारा नव्हे, चौदाच्या आसपास व्होल्ट असतात. तेव्हा तेवढे सोसणारा, पाण्यापासून सुरक्षित असा कीपॅड घ्यावा.

दारातून गाडीच्या अंगात तार नेताना बिजागरीजवळच्या रबरी नळीतूनच न्यावी आणि थोडी सैल ठेवावी. दार रोज कितीदा उघडते! ताणलेली तार वर्षभरात तुटते. दाराच्या आतल्या बाजूस जो प्लॅस्टिकचा पडदा चिकटवलेला असतो, तो परत नीट चिकटवावा, नाहीतर पावसाचे पाणी पायाशी येते. आम्ही लोखंडी पत्र्याला भोक पाडले नाही. येथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि उघड्या पत्र्याला गंज धरायला वेळ लागत नाही. दाराच्या चौकटीवरच्या काळ्या प्लॅस्टिकच्या पट्टीवर कीपॅड बसवला.

कीपॅड रात्रंदिवस जागा असतो, हेही ध्यानात ठेवावे. तो वीस मिलिअँपियर घेत असेल तर दिवसाला जवळजवळ अर्धा अँपियर-तास, आणि महिन्याला सुमारे चौदा. साठ अँपियर-तासांच्या बॅटरीचा हा जवळजवळ चौथा हिस्सा झाला. दोन महिने देशात जाणाऱ्यांनी त्याचा फ्यूज काढून जावे. बॅटरी उतरली तर आकडा मुका होतो, म्हणून साधी किल्ली घरात नेहमी जपून ठेवावी.

आकडा निवडण्यातही शहाणपण आहे. चार आकड्यांचे एकंदर १०,००० प्रकार होतात. पण तीच चार बटणे रोज दाबून झिजली, की चोराला ते चार आकडे दिसतात, आणि मग त्यांचे क्रम उरतात फक्त २४. गंमत पाहा, चारांत एक आकडा दोनदा घेतला तर झिजलेली बटणे तीनच दिसतात, पण क्रम होतात ३६! तरीही खरा उपाय एकच, सणावारी घर आवरतो तसा आकडाही बदलावा. मुलाचे जन्मसाल आणि घराचा नंबर घेऊ नये. पाहुणे येऊन गेले, कामाला कोणी येऊन गेले, की तो बदलायला खर्च पडत नाही. किल्ली एकदा दुसऱ्याच्या हाती गेली की अशी परत घेता येते का?

एक गोष्ट आयांसाठी. उन्हाळ्यात बंद गाडीत दहा मिनिटांत तापमान सुमारे वीस अंश फॅरनहाइटने वाढते. किल्ली आत आणि बाळही आत, असा प्रसंग चांगल्या सावध घरांवरही येतो. अशा वेळी बाहेरून दार उघडणारा आकडा हा मोठा आधार आहे. आकडा नसेल किंवा दार उघडले नाही, तर क्षणही न दवडता ९११ ला फोन करावा, हे आपल्या सर्वांच्या तोंडपाठ असावे.

हे सारे काम दोन शनिवारांत झाले. सासूबाईंनी तो आकडा जपाच्या संख्येसारखा पाठ केला. कागदावर लिहू दिला नाही. फेब्रुवारीच्या अखेरीस त्या पुन्हा भजनाला जाऊ लागल्या. आता भजन आटोपले की स्वतः दार उघडून बसतात, आणि शेजारच्या बाईंनाही आत बोलावतात. परवा यजमान उशिरा पोहोचले, तर गाडीत तिघीजणी बसून लाडूंचा डबा फस्त करीत होत्या!

भगिनींनो, प्रत्येकीने मीटर घेऊन गाडीखाली शिरावे असे माझे म्हणणे नाही. काम मेकॅनिककडून करून घेतलेत तरी आता त्याला काय विचारायचे, ते तुम्हाला ठाऊक आहे. फ्यूज कोठे बसवला? पत्र्याला भोक पाडणार का? आकडा बदलायचा कसा? एवढे विचारणाऱ्या बाईला कोणी सहसा फसवीत नाही. पण त्याआधी घरी जाऊन एकदा मोजून पाहा, की आपल्या घरातली किती दारे एकाच खिशातल्या किल्लीवर अवलंबून आहेत, आणि त्यांच्या बाहेर कोण थांबून राहते. उपाय कधी तारेचा असेल, कधी नुसता दुसऱ्या किल्लीचा, तर कधी चार शब्दांचा. तो शोधण्याची बुद्धी आपल्या मंडळातील प्रत्येकीला आहे, याविषयी मला शंका नाही.

ज्यांना मीटर धरायला शिकायचे असेल त्यांच्यासाठी पुढच्या महिन्यात मी आणि माझी मुलगी मंडळाच्या खोलीत सर्व साहित्य घेऊन येणार आहोत. शिवणाच्या वर्गासारखाच तोही वर्ग भरेल अशी आशा करते.