खाटेबाहेरचा खर्च
(वार्षिक सर्वसाधारण सभेत विश्वस्त मंडळाच्या वतीने केलेले निवेदन)



यंदाच्या जमाखर्चात ‘ग्राम मनःस्वास्थ्य कार्य’ हे नवे शीर्ष आपल्याला दिसेल. त्यासमोर खर्च आहे, उत्पन्नाचा रकाना कोरा आहे. लेखापरीक्षकांनी त्याविषयी विचारणा केली. आपणही कराल, म्हणून आजचे निवेदन त्यासाठीच राखले आहे.

आपले रुग्णालय अमरावती जिल्ह्याच्या कोरडवाहू भागात आहे. विषबाधा झालेला शेतकरी रात्री-अपरात्री अपघात विभागात आणला जाणे येथे दुर्दैवाने नवे नाही. त्याच्यावर उपचार होतात, देयक तयार होते आणि ते भरण्याची ऐपत नसल्यास निर्धन रुग्ण निधीतून भागते. मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मान्य केलेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम या निधीसाठी काढतात. १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी ठेवतात. योजना चांगलीच आहे, परंतु तिचे माप खाट आणि देयक हेच आहे. हाच माणूस चार महिने नीट झोपत नव्हता, पारावर येईनासा झाला होता, तेव्हा कोणी त्याच्या घरी जाऊन बसले असते तर त्या भेटीचे देयक कोणाच्या नावे करावयाचे? २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने विम्यात मानसिक आजारांना शारीरिक आजारांच्या बरोबरीचे स्थान दिले. प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेतही काही मानसिक आजारांवरील उपचार आहेत. मात्र तेथेही रुग्ण दाखल व्हावा लागतो.

आमची स्वतःची चूकही सांगितली पाहिजे. अनेक वर्षे आम्ही वार्षिक शिबिरे भरविली, महिन्याभराच्या गोळ्या दिल्या, छायाचित्रे अहवालात छापली. दुसऱ्या महिन्यात त्या रुग्णांचे काय झाले, हे आम्ही पाहिले नाही. एका मातेने आम्हाला ऐकविले, “गोळी फुकट आहे साहेब, एस.टी. फुकट नाही, अन् त्या दिवसाची मजुरीही बुडते.” २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणातही हेच दिसले : उपचार आणि त्यासाठीचा प्रवास यांवर कुटुंबांचा महिन्याला साधारण १,००० ते १,५०० रुपये खर्च होत होता. बहुतेक मानसिक आजारांत ७० टक्क्यांहून अधिक रुग्ण उपचारांविना होते.

मार्ग मात्र आपल्याच जिल्ह्यात सापडला होता. टाटा ट्रस्ट्सच्या साहाय्याने येथील ३० गावांत ‘विश्राम’ हा कार्यक्रम झाला. गावातील प्रशिक्षित कार्यकर्ते घरोघर जात, समुपदेशक पुढील आधार देत, गंभीर रुग्णच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठविले जात. नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण १८ महिन्यांत ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. हे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले.

ही उतरंड एकट्या रुग्णालयाला पेलणारी नाही. म्हणून शेजारच्या तालुक्यांतील दोन धर्मादाय रुग्णालयांशी आम्ही बोलणी केली (प्रथम ती रुग्ण पळविण्याच्या शंकेनेच झाली, हे नमूद करावयास हरकत नाही). आता मनोविकारतज्ज्ञांचे वार आणि मानधन तिघांत वाटले आहे. औषधांसाठी जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाशी सांगड आहे; कार्यकर्त्या बचत गटांतून येतात. कृषी केंद्रांच्या चालकांनाही आम्ही बोलावले, कारण उधारी थकल्यावर तोंड चुकविणारा माणूस सर्वांआधी त्यांनाच कळतो. रात्रीच्या वेळी ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा निःशुल्क क्रमांक आहे, तो १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झाला. आमच्या कार्यकर्त्या तो चुलीजवळच्या भिंतीवर लिहून येतात.

अडते ते मानधनाशी. २०१३ च्या कंपनी कायद्यातील सामाजिक दायित्वाच्या यादीत प्रतिबंधात्मक आरोग्यसेवा आहे आणि तशी मदत आम्हाला मिळालीही. परंतु ती वर्षापुरती होती. मार्चअखेर करार संपला, नवा होईपर्यंत पेरण्या उलटल्या. बी-बियाणे आणि कर्ज यांची ओढाताण ऐन भरात असताना आमच्या दोन कार्यकर्त्या मानधनाअभावी निंदणाच्या मजुरीला गेल्या. ज्या घरांनी त्यांच्यापाशी मन मोकळे केले होते, तेथे पुन्हा अनोळखी व्यक्ती पाठवावी लागली. एका घराने तिला दारातूनच परत पाठविले.

म्हणून यंदा आम्ही खोलीसाठी देणगी मागत नाही. खोलीच्या दारावर नामफलक लावता येतो. या कामात तसे काहीच दाखविता येणार नाही, हे मान्य आहे. एका कार्यकर्तीचे तीन वर्षांचे मानधन आपण उचलावे, एवढीच विनंती आहे. तिन्ही रुग्णालयांचा हिशेब एकाच वहीत राहील आणि तो दर सहा महिन्यांनी आपणांस पाठविला जाईल. ज्या गावात कार्यकर्ती टिकली नाही, त्या गावाचे नावही त्यात असेल.

संमतिपत्रे सभागृहाच्या दाराशी ठेवली आहेत. पहिला हप्ता मृगापूर्वी मिळाल्यास पेरणीच्या दिवसांत कोणतेही गाव कार्यकर्तीविना राहणार नाही.