समुद्रकाठी जेवायचं कुठे?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षातील दिवेआगर-श्रीवर्धन-हरिहरेश्वर सहलीच्या तयारीसाठी गच्चीवर झालेल्या सभेतील भाषण. सभासदांच्या आग्रहावरून येथे छापले आहे.)



सेक्रेटरींनी मला दहा-बारा मिनिटं दिली आहेत. बँकेत असताना लोक माझं बोलणं शांतपणे ऐकून घ्यायचे, कारण त्यांना कर्ज हवं असायचं. आता तसं काही कारण उरलेलं नाही, त्यामुळे आटोपशीर बोलतो.

सहलीची नोटीस लागल्यापासून मला जिन्यात दोनच प्रश्न विचारले जातात. मासे ताजे मिळतील ना? आणि उकडीचे मोदक मिळतील ना? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असं आहे. पण तिसराही एक प्रश्न असतो. तो आजूबाजूला कुणी नाही असं बघून, आवाज खाली करून विचारला जातो. “अहो, मला जरा पथ्य आहे. तिथं जमेल का?” या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आज मी माइकवरून देणार आहे. कारण एकेकाळी तो प्रश्न मी स्वतः विचारायला लाजलो होतो आणि त्यापायी आपल्या एका सहलीचा विचका करून ठेवला होता.

ही गोष्ट २०११ सालच्या दिवाळीच्या सुट्टीतली. इथल्या जुन्या मंडळींना ती सहल आठवत असेल. मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि उत्साहाच्या भरात सहलीची सगळी सूत्रं माझ्याकडे घेतली होती. ताम्हिणी घाट, माणगाव, म्हसळा करत दिवेआगर. मोठी बस, बेचाळीस माणसं. मला मधुमेह २००४ पासून, पण सोसायटीत कुणाला ठाऊक नव्हतं. घरात मी ताकीदच दिली होती. निघायच्या आदल्या रात्री आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, “मी डबा घेते बरोबर. तुमच्या वेळेला असू दे.” मी म्हटलं, “सहलीचा प्रमुख मी, आणि मीच डबा काढून बसू? लोक काय म्हणतील?” डबा घरीच राहिला.

जेवणासाठी मी किनाऱ्याजवळचं एक मोठं हॉटेल ठरवलं होतं. पंजाबी, चायनीज, मालवणी, सगळं मिळून आठ पानांचं मेनूकार्ड. ते पाहून मला वाटलं, एवढ्या पानांत प्रत्येकाच्या सोयीचं काहीतरी असेलच. सकाळी आठला घाटाखाली पोहे खाल्ले, गोळी घेतली. दीडला हॉटेलात ऑर्डर दिली. दिवाळीची गर्दी, सगळी टेबलं भरलेली. अडीच वाजले, तीन वाजले, तरी टेबलावर नुसता कांदा आणि लिंबू.

मला दरदरून घाम आला. हात थरथरायला लागले. वाटलं, दमट हवा आहे, होतं असं. त्यात तिसऱ्या मजल्यावरचे आपले एक मित्र शांतपणे म्हणाले, “आपण वेळ आधी सांगायला हवी होती, नाही का?” मी त्यांच्यावर असा काही ओरडलो की शेजारच्या टेबलावरची लहान मुलं गप्प झाली. त्या माणसानं उलट शब्द काढला नाही. मी मात्र तिरीमिरीत उठलो आणि रस्त्यावर आलो. रक्तातली साखर उतरली की माणसाची चिडचिड होते, डोकं ठिकाणावर राहत नाही, हे मला नंतर डॉक्टरांनी सांगितलं. त्या वेळी मला एवढंच कळत होतं की पाय माझे नाहीत.

सुपारीच्या वाडीतून एक पायवाट जात होती. तिथल्या एका घरावर ‘घरगुती जेवण मिळेल’ अशी खडूनं लिहिलेली पाटी होती. मी त्या घराच्या ओट्यावर जाऊन बसलो, बसलो म्हणजे कोसळलोच. आतून एक बाई आल्या. माझ्याकडे पाहिलं आणि पहिलाच प्रश्न केला, “काका, शुगर आहे का तुम्हाला?”

सात वर्षं ज्या प्रश्नाला मी टाळत होतो, तो एका अनोळखी बाईंनी पाच शब्दांत विचारला. मी मान हलवली. त्यांनी पाण्यात साखर ढवळून दिली. पंधरा मिनिटं बसवून ठेवलं, आणि मग मऊ भात, कुळथाचं पिठलं आणि केळफुलाची भाजी असं पान वाढलं. त्यांच्या सासऱ्यांना हाच आजार होता, म्हणून त्यांना लक्षणं ठाऊक. मी आभार मानायला लागलो तर म्हणाल्या, “आधी सांगितलं असतंत तर बारा वाजता वाढलं असतं हो. न सांगता आम्हाला कसं कळणार?”

मंडळी, माझं सगळं भाषण या एका वाक्यात आहे. समुद्रकाठी आरोग्याला मानवणारी जेवणाची जागा कोणती? जिथं तुम्ही आधी सांगू शकता आणि समोरचा ते ऐकून घेतो, ती. पाटीवर काय लिहिलंय आणि मेनूकार्ड किती पानी आहे, याला त्यानंतरची किंमत.

कर्ज मंजूर करण्यापूर्वी आम्ही बँकेत चौकशी करायचो, तशी चौकशी मी आता जेवणाच्या जागेची करतो. गेल्या काही वर्षांत दिवेआगरपासून मालवणपर्यंत फिरताना जे मुद्दे जमले, ते सांगतो.

पहिला मुद्दा वेळेचा. कोकणातल्या घरगुती खानावळी माणसं मोजून स्वयंपाक करतात. आदल्या दिवशी फोन करून किती जण, किती वाजता, हे सांगायचं. त्याच फोनवर तांदळाच्या भाकरीऐवजी नाचणीची मिळेल का, मीठ-तेल बेतानं घालाल का, हेही विचारायचं. आधी सांगितलं तर सहसा नाही म्हणत नाहीत. गर्दीच्या वेळी ताटावर बसून सांगितलं तर देवालाही जमणार नाही.

दुसरा मुद्दा, मेनू जितका छोटा तितकं बरं. “आज काय आहे?” असं विचारल्यावर उत्तर “बांगडा आणि कोळंबी, एवढंच” असं आलं, तर मी खूश होतो. याचा अर्थ सकाळी बाजारात जे आलं तेच चुलीवर आहे. सगळं आहे म्हणणाऱ्याचा फ्रीज मोठा असतो, एवढंच खरं. आणि एक लक्षात ठेवा. आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कुणी ताटभर ताजी सुरमई देऊ लागला, तर ती कुठून आली हे जरूर विचारा.

तिसरा मुद्दा माशाचा. तळून आलेल्या तुकडीवरून काही कळत नाही, म्हणून आधी अख्खा मासा दाखवा म्हणावं. डोळे स्वच्छ आणि फुगीर, कल्ले लालभडक, बोटानं दाबलं तर मांस पुन्हा वर यायला हवं. बांगड्याच्या बाबतीत तर हे फार महत्त्वाचं. तो बर्फाविना राहिला की त्यात हिस्टामिन नावाचं द्रव्य तयार होतं, आणि मग कितीही तळा-उकळा, ते जात नाही. अंगावर गांधी उठतात, चेहरा लाल होतो, डोकं दुखतं, आणि आपण म्हणतो मला मासा बाधला. तो मासा मुळात शिळा असतो. ताजा बांगडा किंवा तारली मात्र स्वस्त आणि हृदयाला चांगली. रव्यात घोळवून तळण्यापेक्षा तिरफळ घातलेलं बांगड्याचं तिखलं मागा. चवही जास्त, तेलही कमी.

चौथा मुद्दा तेलाचा. परत परत तापवलेल्या तेलासाठी सरकारी नियम आहे. त्यातले ‘टोटल पोलर कंपाउंड’ २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल वापरता येत नाही. आपण काही मीटर घेऊन किनाऱ्यावर जाणार नाही. पण कढईतलं तेल काळं पडलंय, त्यावर फेस येतोय, धूर नाकात जातोय, एवढं तर दिसतं ना? अशा गाडीवरची भजी संध्याकाळच्या वाऱ्यात कितीही खुणावू देत, पुढं चालू लागा. बर्फाचा गोळा आणि उघड्यावर कापून ठेवलेली फळं यांनाही हाच न्याय. त्यापेक्षा समोर फोडलेलं शहाळं उत्तम. फक्त ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी शहाळ्याबद्दल डॉक्टरांना विचारावं, कारण त्यात पोटॅशियम भरपूर असतं.

पाचवा मुद्दा रक्तदाबवाल्यांसाठी. दिवसाला पाच ग्रॅम, म्हणजे साधारण एक लहान चमचा मीठ पुरे, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आणि कोकणातलं ताट बघा. पापड, लोणचं, सुकटीची चटणी, शिवाय आमसुलाचं आगळ टिकण्यासाठी त्यातही मीठ. सोलकढी औषधी म्हणून चार-चार वाट्या पिणारे आपल्यात आहेत, मी नावं घेत नाही. एक वाटी प्या, मजेत प्या. कोकम सरबत मात्र साखरेचा पाक आहे, ते मधुमेह्यांच्या कामाचं नाही.

सहावा मुद्दा मोदकाचा. इथं सगळे कान टवकारतील हे मला माहीत होतं. मोदक खाऊ नका, असं मी म्हणणार नाही. पण तांदळाची भाकरी, वर भात, वर मोदक, हे एकाच तारणावर तीन कर्जं काढण्यासारखं आहे. मोदक घ्यायचा ठरलं तर त्या दिवशी भाकरी सोडा आणि वालाचं बिरडं किंवा कुळथाचं पिठलं वाढून घ्या. शाकाहारी मंडळींनी काळजी करू नये. या भागात त्यांचंही पान छान भरतं.

आता लायसन्स. बँकवाला असल्यामुळे माझी नजर आधी भिंतीवर जाते. अन्नसुरक्षा नोंदणीचा चौदा आकडी क्रमांक लावलेला असावा. पण क्रमांक बघून पोट भरत नाही. पाणी उकळलेलं आहे का, वाढणाऱ्याचे हात धुतलेले आहेत का, हे त्याच्याबरोबर बघायचं.

शेवटचा मुद्दा सर्वांसाठी, पथ्य नसणाऱ्यांसाठी तर खासच. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांना जेवण लांबलेलं चालत नाही. सोबतचा माणूस घामाघूम झाला, थरथरला, विनाकारण भांडायला लागला, तर त्याला शहाणपण शिकवू नका. तीन चमचे साखर पाण्यात घालून पाजा, पंधरा मिनिटं थांबा, बरं वाटलं नाही तर पुन्हा द्या आणि मग जेवू घाला. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना गाठा.

त्या दिवशीची गोष्ट अर्धी राहिली. संध्याकाळी मी किनाऱ्यावर एकटाच बसलो होतो. सुरूच्या झाडांखालून ते तिसऱ्या मजल्यावरचे मित्र आले आणि शेजारी बसले. मी माफी मागितली आणि काय झालं होतं ते सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “मी सहा वर्षं इन्सुलिन घेतोय. बसमध्ये शेवटच्या सीटवर बसतो ना, ते त्यासाठीच. सगळे झोपले की टोचून घेतो.” आम्ही एकमेकांकडे बघितलं. दोन म्हातारे, एकाच बसमध्ये, एकच दुखणं लपवून बसलेले. आणि दुपारी तेही माझ्यासारखेच उपाशी होते, फक्त त्यांच्या खिशात खडीसाखर होती.

दुसऱ्या दिवशी बेचाळीसच्या बेचाळीस माणसं त्या ओट्यावर दोन पंगतींत जेवली, बरोबर साडेबारा वाजता. त्या बाईंनी आम्हा दोघांना शेजारी बसवलं आणि आम्हाला न विचारता भात कमी वाढला.

ते मित्र आज आपल्यात नाहीत. त्यानंतरच्या प्रत्येक सहलीत ते माझ्या शेजारी, पुढच्या सीटवर बसायचे.

सोसायटीला पंचवीस वर्षं झाली. आपल्याला एकमेकांच्या गाड्यांचे नंबर पाठ आहेत, मेंटेनन्स कुणाचा थकलाय तेही माहीत असतं. पण गेल्या दोन सहलींना आपल्यातली काही घरं आली नाहीत, आणि मला शंका आहे की कारण पैशांचं किंवा वेळेचं नव्हतं. त्यांनाही वाटलं असेल, आपल्या पथ्यापायी सगळ्यांचा खोळंबा कशाला?

म्हणून खाली जिन्याजवळ, नोटीस बोर्डाशेजारी एक वही ठेवली आहे. नाव, जेवणाची वेळ, काय चालतं, काय चालत नाही, एवढंच लिहायचं. ज्यांना उघड लिहायचं नसेल त्यांनी मला किंवा आमच्या सौभाग्यवतींना येऊन सांगावं. सगळं एकत्र करून मी दिवेआगरला फोन करणार आहे. त्या ओट्यावर आता त्यांची सून बघते सगळं.

वहीत पहिलं नाव माझं आहे. दुपारचं जेवण साडेबाराला, नाचणीची भाकरी, भात एक मूद, मोदक एक. आणि या वेळी डबाही बरोबर असेल.