नट कुठे आवळायचा?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)

आदरणीय मुख्याध्यापक, ज्यांच्यासमोर अजूनही हात मागे बांधून उभं राहावंसं वाटतं असे आपले सर आणि बाई, आणि १९९७ च्या दहावीच्या माझ्या मित्र-मैत्रिणींनो,

समितीने मला सांगितलं, “पंधरा मिनिटं बोल, पण कॉम्प्युटरवर नको, जेवणाआधीच सगळे झोपतील.” म्हणून मी गाडीवर बोलणार आहे. आपण शाळेत होतो तेव्हा दिघ्याला स्टेशन नव्हतं. दिघा गाव स्टेशन १२ जानेवारी २०२४ ला सुरू झालं. आज काही जण तिथे उतरून चालत आले, पण बरेच जण गाडी घेऊन आले. बाहेर दोन-तीन गाड्या अशा आहेत की त्यांच्याखालून चप्पलही सरकणार नाही. त्या आपल्या मुलांच्या आहेत. म्हणून हा विषय.

तुमच्यापैकी अनेकांना माहीत नसेल, माझी पदवी मेकॅनिकलची आहे. २००३ साली कॉलेजात नोकऱ्या द्यायला आल्या त्या सॉफ्टवेअर कंपन्या. घरी पगाराची गरज होती. गेले, ते तिथलीच झाले. अण्णा, म्हणजे माझे वडील, ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात फिटर होते. ते कधी काही बोलले नाहीत, पण मेकॅनिकल शिकलेली मुलगी पाना हातात धरत नाही हे त्यांना खटकत होतं. आणि मलाही.

चाळिशी आल्यावर ती खुमखुमी बाहेर पडली. डिसेंबर २०२१ मध्ये मी माझ्या गाडीसाठी उंची कमी करणाऱ्या चार स्प्रिंगा मागवल्या. गाडी ३० मिमी खाली बसणार होती. वळणावर कमी झुकते, दिसते छान. गॅरेज आपल्याच मागच्या बाकावरच्या मित्राचं. नाव सांगत नाही, तो आत्ता मान खाली घालून हसतोय.

सर, तुम्ही आठवीत तानकाटा दाखवला होता. वजन दुप्पट केलं की स्प्रिंग दुप्पट ताणली जाते. हूकने हे १६७८ मध्ये छापलं. गाडीची स्प्रिंग याच नियमाने दाबली जाते. ती आखूड केली, तर खड्ड्याचा धक्का झेलायला चाकाला वर जायची वाट कमी उरते. म्हणून चांगल्या कंपनीची आखूड स्प्रिंग मुद्दाम जास्त कडक बनवलेली असते. गल्लीत काही ठिकाणी मूळ स्प्रिंगेचा एक वेढा ग्राइंडरने कापून देतात. तसं कधीही करू नका. कापलेल्या टोकाला बसायला नीट जागा राहत नाही आणि चाक लटकलं की स्प्रिंग जागेवरून निसटू शकते.

त्या रविवारी पहिला धडा अर्ध्या तासातच मिळाला. पुढच्या बाजूला स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असतात. वरच्या टोकाला मधोमध एक नट असतो आणि तो दाबलेली स्प्रिंग धरून ठेवतो. मित्राकडे कामाला असलेला एकोणीस वर्षांचा मुलगा हवेची गन घेऊन थेट त्या नटाकडे निघाला. मित्राने त्याचा हात धरला आणि अक्षरशः ओढला. स्प्रिंग कॉम्प्रेसरने आधी दाबून घेतली नसती, तर नट सुटताच वरची वाटी त्या मुलाच्या तोंडावर आली असती. दोन-अडीचशे किलोचा जोर असतो तो. आम्ही सगळे पाच मिनिटं गप्प बसलो. मग चहा घेतला आणि पुन्हा सुरू केलं, या वेळी कॉम्प्रेसरचे दोन्ही आकडे समोरासमोर लावून, दोन्हीकडे आळीपाळीने थोडे थोडे फिरवून.

संध्याकाळी गाडी तयार. लगेच व्हील अलाइनमेंट करून घेतली. मी घरी आले तेव्हा मला फार मोठं काहीतरी केल्यासारखं वाटत होतं.

सात महिन्यांनी, जुलै २०२२ मध्ये, अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. ठाण्याहून त्यांना घरी आणत होते. मुसळधार पाऊस, आणि मागचं एक चाक पंक्चर. पंक्चरवाल्याने चाक बदललं आणि उठता उठता सवयीने पुढच्या टायरच्या आतून हात फिरवला. त्याचं बोट थांबलं. मला म्हणाला, “ताई, खाली वाकून बघा.” बाहेरून नवा दिसणारा टायर आतल्या कडेला तारेपर्यंत झिजला होता. दोन्हीकडे. मागे डोळ्याला पट्टी बांधलेले अण्णा बसले होते आणि मी ऐंशीच्या वेगाने आले होते.

घरी आल्यावर अण्णांनी एकच प्रश्न विचारला. “आर्मचे नट तू हवेत आवळलेस का?”

मला प्रश्नच कळला नाही. मग त्यांनी समजावलं. चाक ज्या लोअर आर्मवर असतं, त्याच्या टोकाला रबरी बुश असतो. तो बेअरिंगसारखा गोल फिरत नाही. नट आवळला की रबर त्या जागी पकडलं जातं आणि पुढे फक्त पिळलं जातं. आम्ही गाडी जॅकवर असताना, चाकं लटकत असताना नट आवळले होते. नंतर गाडी जमिनीवर आली, आर्म वर गेला, आणि उभ्या गाडीतही रबराला कायमचा पीळ बसला.

मी कागद घेऊन हिशोब केला. आर्म साधारण ३५० मिमी लांब. आधी चाक उभ्या स्थितीपासून सुमारे ८० मिमी खाली लटकत होतं, आता गाडी ३० मिमी खाली, म्हणजे ११० मिमी. कोन येतो जवळपास १८ अंश. इतका पीळ चोवीस तास. सात महिन्यांत बुश फाटले, आर्म जागेवरून हलू लागला, चाकाची दिशा बिघडली आणि टायर आतून खाल्ला गेला. पदवी माझी, पण उत्तर अण्णांचं. ते म्हणाले, “रबराला जिथं राहायचंय, तिथंच त्याला पकडायचं.”

ऑगस्टमध्ये आम्ही सगळं पुन्हा केलं. अण्णा खुर्ची टाकून बसले होते. त्या वेळचा क्रम सांगते, मुलांसाठी लिहून घ्या.

काहीही खोलण्याआधी गाडी सपाट जमिनीवर उभी करून प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर मोजा आणि लिहा. गाडी जॅकवर ठेवून खाली जाऊ नका, पक्के स्टँड लावा. ब्रेकचं कॅलिपर रबरी पाइपवर लटकवू नका, तारेने बांधा. एबीएसची वायर आधी सोडवा. चाकाची बाजू बाहेर झुकू देऊ नका, एक्सल आतून निसटतो. शॉकअप साठ हजार किलोमीटर चाललेले असतील तर कडक स्प्रिंगेबरोबर ते दमतात, सोबतच बदला. बंप स्टॉपचा रबरी गुटका स्प्रिंगवाल्या कंपनीने सांगितला असेल तेवढाच आखूड ठेवा, काढून टाकू नका. स्प्रिंगेचं टोक वाटीतल्या खाचेला टेकलंय का, बोटाने चाचपा. नायलॉकचे जुने नट परत वापरू नका.

आणि शेवटची गोष्ट. आर्मचे आणि मागच्या बीमचे बुशचे नट आधी सगळे ढिले करा. मग आर्मखाली जॅक लावून तो इतका उचला की चाकाच्या मध्यापासून मडगार्डपर्यंतचं अंतर, तुम्ही लिहून ठेवलेल्या आकड्यातून ३० वजा करून येईल तेवढं होईल. त्या उंचीवर, मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कने, टॉर्क रेंच लावून आवळा. अलाइनमेंट लगेच करा, आणि स्प्रिंगा बसल्यावर, काही शे किलोमीटरनंतर, पुन्हा एकदा करा. हेडलाइटची पातळीही बघा.

पुढचे चौदा महिने गाडीतून एक आवाज आला नाही.

दोन गोष्टी मी आधी करायला हव्या होत्या, त्याही सांगते. पहिली, कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार, निर्मात्याने दिलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १८२ अ नुसार नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. स्प्रिंगा मागवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीला लेखी विचारा.

दुसरी, आपले रस्ते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकातला गोल गतिरोधक १० सेंमी उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. माझ्या गाडीच्या पुढच्या-मागच्या चाकांत अडीच मीटर अंतर आहे. अशा गतिरोधकावर चारही चाकं चढतात, त्यामुळे पोटाखालची फक्त ४६ मिमी जागा जाते. पण गल्लीत लोकांनी सिमेंट ओतून केलेला उंचवटा एका फुटाचा असतो. तिथे पूर्ण १०० मिमी जातात. माझ्या गाडीखाली मूळ जागा १६५ होती, ती १३५ झाली. चार माणसं आणि सामान बसलं की आणखी चाळीस जातात. चेंबर घासणारच. घरापासून हायवेपर्यंतचे उंचवटे आधी पट्टीने मोजा, मग स्प्रिंगा घ्या.

आज माझ्या गाडीत मूळ स्प्रिंगा आहेत. २०२३ च्या शेवटी अण्णांचे गुडघे दुखू लागले आणि खाली बसलेल्या गाडीतून उठताना त्यांना माझा हात धरावा लागायचा. ते मागत नव्हते, पण मला दिसत होतं. त्या वेळी सगळं काम मी एकटीने केलं आणि नट योग्य उंचीवर आवळले. अण्णांनी टॉर्क रेंचचा ‘टक’ आवाज ऐकला, मान हलवली आणि पेपर वाचायला घेतला. मला दहावीच्या निकालाच्या दिवशी मिळाली नव्हती इतकी शाबासकी त्यात होती.

आपल्या मित्राच्या गॅरेजमध्ये आता कॉम्प्रेसरशिवाय कुणी त्या नटाला हात लावत नाही. तो एकोणीस वर्षांचा मुलगा आता तेविशीत आहे आणि नव्या पोरांना तोच शिकवतो.

आपली मुलं गाडी खाली बसवणार म्हणाली, तर नुसतं रागावू नका. एक रविवार त्यांच्याबरोबर गॅरेजमध्ये उभे राहा आणि नट कुठे आवळतोयस एवढं विचारा. आणि आज जेवण झाल्यावर, घरी निघण्याआधी, स्टेअरिंग पूर्ण वळवून पुढच्या टायरच्या आतल्या कडेकडे बघा. मूळ स्प्रिंगा असल्या तरी बघा. तार दिसली तर निघू नका. मित्र इथेच आहे, त्याचं गॅरेज दहा मिनिटांवर आहे.